घरातले पहिले अक्षर

लहान मुलाला वाचायला-लिहायला कोणी शिकवावे, असा प्रश्न विचारला की बहुतेक घरांत उत्तर तयार असते : शाळेने. त्यासाठीच आपण फी भरतो, दप्तर घेऊन देतो, सकाळी रिक्षापर्यंत सोडायला जातो. काही घरांत मात्र नेमके उलटे चित्र दिसते. मूल तीन वर्षांचे होण्याआधीच भिंतींवर तक्ते लागतात, बोटांत पेन्सिल दिली जाते आणि पाहुणे आले की ‘काकांना अ आ इ ई म्हणून दाखव’ असा आग्रह होतो.

पहिल्या घराने हे काम दुसऱ्यावर सोपवून दिले आहे. दुसऱ्या घराने ते आपल्या हौसेसाठी हाती घेतले आहे. प्रेम दोन्हीकडे आहे, यात शंका नाही. पण एका गोष्टीचा विचार दोन्हीकडे राहून गेला आहे. मुलाला अक्षर देणे हे आपले कोणत्या प्रकारचे कर्तव्य आहे? आणि ते आपण नक्की कोणासाठी करतो? या प्रश्नाचे उत्तर मनाशी स्पष्ट झाले, तर घरी काय करावे आणि काय करू नये हे फारसे कोणाला विचारावे लागत नाही.

हे एक ऋण आहे

माणूस जन्माला येतो तो तीन ऋणे घेऊन, असे आपल्या परंपरेने मानले आहे : देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण. त्यांपैकी ऋषिऋण हे ज्ञानाचे ऋण. ते अध्ययनाने आणि शिकलेले पुढे देण्याने फिटते.

आता स्वतःकडे पाहा. या क्षणी आपण हे वाचत आहात. ही अक्षरे आपण शोधून काढलेली नाहीत. कधीतरी कोणीतरी आपले बोट धरून पाटीवर फिरवले होते. ती आई असेल, आजोबा असतील, पहिलीच्या बाई असतील. त्यांना ते परत देता येत नाही. कित्येकदा ती माणसे आज हयातही नसतात. म्हणून हे ऋण मागे फेडायचे नसते, पुढे द्यायचे असते.

ज्याला आपण ऋण फेडत आहोत याची जाणीव आहे, तो ते टाळत नाही आणि मिरवतही नाही. उसने आणलेले दाणे परत करताना कोणी वाजतगाजत जात नाही. शिवाय या ऋणात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. ज्याला पुढे द्यायचे तो फक्त माझ्याच पोटचा असावा, अशी अट त्यात कुठेही नाही. त्याकडे आपण शेवटी येऊ.

देशभर या ऋणाची आठवण ठेवणारे संस्कार आहेत. महाराष्ट्रात दसऱ्याला पाटीपूजन होते. केरळमध्ये विजयादशमीला ताटातल्या तांदळात मुलाचे बोट फिरवून पहिले अक्षर काढले जाते. बंगालमध्ये सरस्वतीपूजेच्या दिवशी हातेखोडी असते. तेलंगणातील बासरच्या सरस्वती मंदिरात अक्षराभ्यासासाठी दूरदूरून आई-वडील मुलांना घेऊन येतात. प्रांत वेगळे, लिप्या वेगळ्या. पण सगळीकडे एक गोष्ट समान आहे. मुलाचे बोट मोठ्या माणसाच्या हातात असते. त्या दिवशी मूल काही लिहायला शिकत नाही. ‘हे बोट मी सोडणार नाही’ असा शब्द त्या दिवशी मोठ्या माणसाने दिलेला असतो. संस्कार मुलावर होतो असे आपण म्हणतो. खरे तर बंधन आपल्यावर येते.

अक्षराच्या आधी कान

वाचन पुस्तकापासून सुरू होते, हा समज आधी बाजूला ठेवू या. मूल जे शब्द ऐकून ओळखते, तेच पुढे वाचून त्याला कळतात. ‘ओसरी’ हा शब्द कधी कानावर पडला नसेल, तर ओ-स-री अशी तीन अक्षरे बिनचूक वाचूनही मुलाच्या हाती काही लागत नाही. म्हणून घराचे पहिले काम मुलाशी बोलणे हे आहे. बोलणे म्हणजे आज्ञा देणे नव्हे. ‘दूध पी’, ‘बूट घाल’, ‘गप्प बस’ एवढ्यावर ज्याचा दिवस संपतो, त्या मुलाच्या शब्दांची शिदोरी रिकामी राहते. भाजी निवडताना मेथीची जुडी दाखवून ‘ही कोवळी, ही जून’ असे सांगा. पावसाची सर आली की ‘रिमझिम’ कशाला म्हणायचे आणि ‘मुसळधार’ कशाला, ते बोला. मुलाने अर्धवट सांगितलेली हकिगत पुरी ऐका आणि ‘मग काय झाले?’ असे विचारा.

दुसरे काम नादाचे. बोललेला शब्द तुकड्यांत मोडता येतो हे मुलाच्या कानाला कळले, की वाचनाचा अर्धा पाया घातला जातो. आपल्या घरांतले जुने खेळ हेच करत आले आहेत. ‘कमळ’ म्हणताना तीन टाळ्या वाजवा : क, म, ळ. शब्दांच्या भेंड्या खेळताना मूल शब्दाचा शेवटचा तुकडा पकडते आणि त्याच तुकड्याने सुरू होणारा नवा शब्द शोधते. बडबडगीतांतील यमके, आजीची कोडी, मोठी भावंडे बोलतात ती ‘मला’चे ‘चलाम’ करणारी च-ची भाषा, हे सगळे नादाचे शिक्षणच आहे. त्याला पैसा लागत नाही. प्रवासात, रांगेत उभे असताना, वीज गेलेली असताना ते करता येते.

तिसरे काम गोष्टीचे. रोज एक गोष्ट, शक्यतो एकाच ठरावीक वेळी. पुस्तक असेल तर मुलाला मांडीवर किंवा शेजारी घेऊन, चित्र दिसेल असे. वाचताना शब्दांखालून बोट फिरवले, की आवाज आणि कागदावरच्या खुणा यांचे नाते आहे, ओळ डावीकडून उजवीकडे जाते, पान संपल्यावर उलटायचे असते, हे मुलाला न सांगता कळते. आणि मध्येच त्याला बोलू द्या. ‘आता ससा काय करील?’ असे विचारून थांबा. तेच पुस्तक विसाव्यांदा मागितले तरी कंटाळू नका. मोठ्यांना ती पुनरावृत्ती वाटते; मुलासाठी तो रियाज असतो.

पाठ म्हणणे आणि वाचणे

आपल्यापैकी अनेकांच्या घरी सांजवात लागल्यावर प्रार्थना होते. मुलांना ती ऐकून ऐकून पाठ होते. त्या वेळी प्रार्थनेचे छापील पान मुलासमोर ठेवा आणि म्हणताना ओळीखालून त्याचेच बोट फिरवू द्या. सुरुवातीला आवाज पुढे जाईल आणि बोट मागे राहील. काही आठवड्यांनी दोन्ही जुळू लागतील. मग एखाद्या दिवशी मूल मध्येच थांबून विचारील, ‘इथे ‘म’ आहे ना? माझ्या नावातला?’

काही पालक यावर म्हणतात, ‘हे काही खरे वाचन नाही, त्याला पाठच आहे.’ त्यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पाठ असणे म्हणजे वाचता येणे नव्हे. पण पाठ असलेला मजकूर हा वाचनाकडे जाणारा सोपा पूल आहे. अर्थ आणि आवाज आधीच ठाऊक असल्याने मुलाचे सारे लक्ष अक्षराच्या आकाराकडे जाऊ शकते. फक्त त्या पुलावरच घर बांधू नये. अधूनमधून न पाठ असलेली एखादी छोटी ओळही समोर ठेवावी.

घरभर अशा ओळी असतात. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ‘आज कोणता वार?’ हे रोज पाहता येते. किराणा मालाच्या यादीत ‘साखर’, ‘रवा’, ‘तूर डाळ’ असते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, बसवरचे गावाचे नाव, डब्यांवर आपण चिकटवलेल्या चिठ्ठ्या हे सगळे वाचनपाठ आहेत. आणि सर्वांत गोड शब्द म्हणजे मुलाचे स्वतःचे नाव. पहिली अक्षरे शिकवायची तर ‘अ’पासूनच सुरुवात केली पाहिजे असा नियम नाही. नावातील अक्षरांपासून सुरुवात केली, तर मुलाला अक्षर परके वाटत नाही.

घाई हीसुद्धा हिंसा आहे

आता दुसऱ्या घराकडे वळू, जिथे सारे फार लवकर सुरू होते. आपली लिपी सुंदर आहे, पण लहान नाही. तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडीतली बारा रूपे धरली, तरी साडेतीनशेहून अधिक अक्षररूपे होतात. त्यात जोडाक्षरे वेगळी. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘ब’ आणि ‘व’ यांत फरक एवढासा. पहिली वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येते आणि लिहिताना त्याच्या आधी. हे सगळे पेलायला मुलाला शाळेची पहिली दोन-तीन वर्षे लागतात, आणि ते स्वाभाविक आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला आहे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानानेही अर्थ समजून वाचता येण्याचे उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस ठेवले आहे, बालवाडीच्या अखेरीस नव्हे.

मग साडेतीन वर्षांच्या मुलाकडून पानेच्या पाने गिरवून घेण्याची एवढी घाई कोणाला असते? मुलाला तर नसतेच. त्याच्या बोटांत अजून पेन्सिल नीट धरण्याचे बळ आलेले नसते. ते बळ कणीक मळल्याने, माती खेळल्याने, मणी ओवल्याने, खडूने जमिनीवर रेघोट्या ओढल्याने येते. घाई आपल्याला असते. शेजारच्या मुलीला येते आणि आपल्याला नाही, हे शल्य आपले असते. प्रवेशाच्या मुलाखतीची धास्ती आपली असते. आपल्या अहंकाराचे ओझे आपण त्या कोवळ्या मनगटावर ठेवतो आणि त्याला शिक्षण म्हणतो.

अहिंसेचा विचार करताना आपण सहसा मोठ्या गोष्टींकडे पाहतो. पण चुकलेल्या ‘ह’साठी बसलेली चापटी, ‘एवढेही येत नाही?’ हे वाक्य, भावाशी केलेली तुलना यांतही हिंसा आहे. तिची खूण अंगावर राहत नाही, पुस्तकावर राहते. असे मूल पुढे वाचते, परीक्षाही देते, पण पुस्तक दिसले की त्याचे मन आक्रसते. ज्या अक्षरात पुढे ग्रंथांचा, संतवाणीचा, साऱ्या जगाचा आनंद होता, त्याच्या दारातच आपण भीती उभी केलेली असते.

गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले, तेव्हा त्यांचा झगडा याच भीतीशी होता. मुलांना मारून, धाक दाखवून शिकवण्याच्या पद्धतीविरुद्ध त्यांनी गोष्टी, खेळ आणि स्वातंत्र्य यांचा मार्ग धरला. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तोच विचार पुढे मराठी मुलखात रुजवला. दोघांनीही मुलाकडे घडवायचा मातीचा गोळा म्हणून पाहिले नाही. एक पूर्ण माणूस म्हणून त्याचा आदर केला.

इथे निष्काम कर्माची खरी परीक्षा होते. रोज गोष्ट सांगणे आपल्या हाती आहे. मूल कोणत्या महिन्यात वाचू लागेल हे आपल्या हाती नाही. पहिले मनापासून करावे आणि दुसऱ्याची चिंता सोडावी. मात्र चिंता सोडणे म्हणजे लक्ष सोडणे नव्हे. सात-आठ वर्षांचे मूल नियमित, प्रेमाने शिकवूनही अक्षरांत सतत अडखळत असेल, तर त्याला आळशी ठरवू नका. डोळे आणि कान तपासून घ्या, शिक्षकांशी बोला, गरज वाटल्यास तज्ज्ञांना दाखवा. काही मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवावे लागते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

ज्यांना स्वतःला वाचता येत नाही

‘आम्ही शिकलेलो नाही, आम्ही मुलांना काय शिकवणार?’ असे म्हणणारे आई-वडील आणि आजी-आजोबा आजही आपल्या आसपास आहेत. त्यांना आदराने सांगायला हवे, की आपल्याकडे जे आहे ते फार मोलाचे आहे.

बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर त्यांना कविता सुचत, आणि घरच्या शिकलेल्या मुलांनी त्या कागदावर उतरवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे पुत्र सोपानदेव हे स्वतः कवी होते. त्या घरात भाषेची श्रीमंती कोणाकडून आली, हे वेगळे सांगायला नको. लिपी मुलाकडे होती, वाणी आईकडे होती.

विनोबांच्या घरची गोष्टही अशीच आहे. ते आई-वडिलांसह वडोदऱ्यात राहत असताना आई रुक्मिणीबाईंना गीता आपल्या भाषेत वाचायची होती. आणून दिलेला पद्यानुवाद त्यांना अवघड वाटला, तेव्हा ‘तूच का करत नाहीस?’ असे त्यांनी मुलाला सुचवले. १९१८ मध्ये आई गेली. ‘गीताई’ प्रसिद्ध झाली ती १९३२ मध्ये. आईने शिकवले काय, असे विचारले तर उत्तर असे : आईने विश्वासाने मागितले. ‘मला वाचून दाखव’, ‘याचा अर्थ मला सांग’ असे मोठ्या माणसाने मनापासून म्हणणे, यासारखे बळ मुलाला दुसरे नाही. निरक्षर आजी नातवाला रोज एक पान वाचून दाखवायला सांगते आणि डोळे मिटून ऐकते, तेव्हा ती त्या घरातली सर्वांत चांगली शिक्षिका असते.

आणि हे काम एकट्या आईचे मानू नये. बाबा संध्याकाळी पुस्तक घेऊन बसले, की ‘वाचणे हे मोठ्या माणसांचे काम आहे’ हे मुलाला कळते. बाबा मोबाइलमध्ये आणि आई ‘वाच रे’ म्हणून मागे, असे असेल तर मूल बाबांकडूनच शिकते.

मराठी मुलखाबाहेरचे मराठी घर

आपल्यातील कितीतरी कुटुंबे वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद, बेंगळुरू, दिल्ली अशा गावी आहेत. तिथे एक वेगळी अडचण येते. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, अंगणात हिंदी, गुजराती, कन्नड किंवा तेलुगू. ‘मुलाचा गोंधळ होईल’ या भीतीने अनेक जण घरातली मराठीच बंद करतात आणि तुटक्या इंग्रजीत मुलाशी बोलू लागतात.

ही भीती सोडून द्यावी. लहान मुले दोन-तीन भाषा सहज पेलतात. एका भाषेत शब्दांचे तुकडे करायला शिकलेला कान दुसऱ्या भाषेतही तेच करतो. इंदूरचे मूल शाळेत हिंदीसाठी देवनागरी शिकतेच. त्याला ‘ळ’ आणि ‘चऱ्हाट’मधला अर्धा ‘ऱ’ अशा थोड्याच गोष्टी घरी दाखवाव्या लागतात. बेंगळुरूच्या मुलाला कन्नडची अक्षरे वेगळी दिसतात, पण व्यंजनाला स्वराची खूण जोडून का, कि, की करण्याची रीत तीच आहे. त्याने एका लिपीत ही रीत ओळखली, की दुसरीत ती नव्याने शिकावी लागत नाही.

ज्या भाषेत आई-वडिलांना लाडाने बोलता येते, रागावता येते, गोष्ट रंगवता येते, ती भाषा मुलाला द्यावी. अपुऱ्या भाषेत बोलणारे घर मुलाला कोणतीच भाषा पुरी देऊ शकत नाही. शिवाय मराठी वाचता न येणाऱ्या नातवंडाला आजोबांची पत्रे, घरातल्या पोथ्या, आजीची पाककृतींची वही हे सगळे कुलूपबंद राहते. पुस्तकांची अडचणही आता पूर्वीइतकी नाही. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तके अनेक भारतीय भाषांत आणि माफक किमतीत मिळतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मराठीसह अनेक भाषांतील गोष्टी विनामूल्य वाचता येतात. एकच गोष्ट मराठीत आणि शेजारच्या भाषेत वाचणे हा तर फार सुंदर खेळ आहे.

पडद्याविषयी मात्र सावध असावे. पडद्यावरची गोष्ट मुलाच्या प्रश्नासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार एक वर्षाच्या मुलासाठी पडदा नकोच, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास. त्याहून कमी असेल तर उत्तमच.

माझे मूल आणि दुसऱ्याचे मूल

आता त्या ऋणाकडे परत येऊ. रोज गोष्ट ऐकलेले मूल आणि कधीच न ऐकलेले मूल पहिलीच्या वर्गात एकाच दिवशी जाऊन बसतात. शिक्षक एकच, पुस्तक एकच. पण एकाच्या गाठीशी तीन-चार वर्षांची शिदोरी असते आणि दुसऱ्याकडे काही नसते. २०२४ च्या ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३.४ टक्के होती. म्हणजे चारांतल्या एकालाही धड वाचता येत नव्हते. ज्याला तिसरीत वाचता येत नाही, त्याला चौथीचे भूगोलाचे, विज्ञानाचे पुस्तकही बंदच असते.

मग असा प्रश्न येतो : माझ्या मुलाला रात्री गोष्ट सांगून मी दुसऱ्या मुलावर अन्याय करतो आहे का? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गोष्ट न सांगणे हे काही त्याचे उत्तर नव्हे. त्याने दोन मुले उपाशी राहतील. खरा भेद हेतूत आहे. ‘माझे मूल पुढे जावे’ म्हणून मी वाचून दाखवत असेन, तर कोणीतरी मागे राहिलेले मला हवे असते, मी ते मनाशी कबूल करो वा न करो. आणि ऋण फेडायचे म्हणून वाचून दाखवत असेन, तर जवळ बसलेले कोणतेही मूल त्या ऋणाचे हक्कदार आहे. विद्या अशी वस्तू आहे, की वाटल्याने माझ्या मुलाच्या वाट्याला एक कणही कमी येत नाही.

याची कसोटी आपल्या घरातच आहे. घरकामाला येणाऱ्या मावशींबरोबर त्यांची लहान मुलगी येते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी बसून राहते. आत आपण आपल्या मुलाला गोष्ट सांगत असतो. त्या सतरंजीवर तिला जागा आहे का? इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याची मुलगी, शेजारच्या बांधकामावरची मुले आपण रोज पाहतो. त्यांना आपण बिस्किटाचा पुडा देतो, जुने कपडे देतो. गोष्ट देतो का?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा वस्तीतली मुले बालवाडीत येत नाहीत असे त्यांना दिसले. त्यांनी मुलांना दोष दिला नाही. त्या स्वतः वस्तीत गेल्या आणि मुलांच्या अंगणातच शाळा भरवू लागल्या. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातही शाळा नेली. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना आज आपण ‘अंगणवाडी’ म्हणतो, त्या नावामागे हे चालत जाणारे पाय आहेत.

आपल्याला एवढेही चालायचे नाही. फक्त दार थोडे अधिक उघडायचे आहे. पण ते करताना उपकाराची भावना नको. त्या मुलीला जमिनीवर आणि आपल्या मुलाला खुर्चीवर बसवून गोष्ट सांगितली, तर दोघेही त्या गोष्टीहून वेगळेच काहीतरी शिकतील. एकाच सतरंजीवर बसवा. चित्रातल्या वस्तूला तिच्या घरच्या भाषेत काय म्हणतात ते तिला विचारा आणि तो शब्द आपल्या मुलालाही शिकू द्या. पुस्तक तिच्याही हातात द्या. पान चुरगळेल ही भीती असेल, तर पुस्तक कशासाठी घेतले होते ते आठवा.

‘साक्षरा’ हा शब्द उलटा वाचला की ‘राक्षसा’ होतो, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून सांगितले जाते. नुसत्या अक्षराने माणूस चांगला होत नाही. अक्षर कसे मिळाले, कोणाबरोबर मिळाले, यावर पुष्कळ अवलंबून असते. ज्या मुलाला अक्षर शेजारच्याला मागे टाकण्यासाठी मिळाले, ते तसेच वापरील. ज्याला ते एका सतरंजीवर, वाटून घेताना मिळाले, त्याच्या वाचनाला पहिल्या दिवसापासून माणुसकीचा स्पर्श असेल.

रोजचा पाव तास

यासाठी मोठी तयारी नको. दिवसातला पाव तास ठरवा. जेवणानंतरचा असो, झोपण्याआधीचा असो, पण ठरलेला असू द्या. त्या वेळेपुरते सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा. तीन वर्षांखालच्या मुलाला चित्र दाखवा, गाणे म्हणा, त्याच्या बोबड्या बोलाला उत्तर द्या. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला गोष्ट सांगा, भेंड्या खेळा, त्याने सांगितलेली गोष्ट त्याच्यासमोर लिहून काढा आणि ‘हे तू सांगितलेस’ म्हणून वाचून दाखवा. सहाच्या पुढच्या मुलाबरोबर एक ओळ तुम्ही वाचा, एक त्याला वाचू द्या. ते अडखळले तर मनात पाचपर्यंत मोजा आणि मगच शब्द सांगा. वाचता येऊ लागले म्हणून वाचून दाखवणे थांबवू नका. आणि आठवड्यातून निदान एकदा त्या पाव तासात आणखी एका मुलाला बोलवा.

आज संध्याकाळी दिवा लावल्यावर ज्याने आपले बोट पहिल्यांदा पाटीवर फिरवले, त्या माणसाचे स्मरण करा. मग पुस्तक हातात घ्या. पुस्तक नसेल तर आठवणीतली गोष्ट पुरेशी आहे. सतरंजी अंथरताना मात्र ती जरा मोठी अंथरा.